एक रकाना वाढवण्याआधी

कोड एडिटर उघडाच राहू द्या, फक्त हात कीबोर्डवरून उचला.

तुम्ही सिव्हीसीआरएमसाठी नवं काही लिहायला बसला आहात. देणगीदार, सभासद, स्वयंसेवक यांच्या नोंदी ठेवणारं, स्वयंसेवी संस्थांसाठी २००५ पासून चालत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. विकिमीडिया फाउंडेशनसारखी मोठी संस्था ते वापरते आणि एका खोलीतून कारभार हाकणाऱ्या संस्थाही वापरतात. त्यांच्यापैकी कुणीतरी मागणी केली आहे: संपर्काच्या पानावर एक रकाना वाढवून द्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे. म्हणूनच जरा थांबू.

एक नोंद मनासमोर आणा. नाव नको, माणूस आणा. दर वर्षअखेरीस न चुकता ठरावीक रक्कम पाठवणाऱ्या एक वयस्क बाई. पत्ता कधी बदलला नाही, ईमेल मुलीने काढून दिलेला. तुमच्या कोडसाठी त्या डेटाबेसमधली एक ओळ आहेत. त्या ओळीकडे थोडा वेळ नुसतं पाहा.

आता त्या बाई वारल्याचं मुलगी कळवते. संस्थेतली एक कार्यकर्ती नोंद उघडते आणि ‘मृत’ या चौकटीत खूण करते. तारखेचा रकाना पुढे येतो. ती भरते.

इथे रेंगाळा. एवढ्याशा खुणेमागे काय काय हलतं ते सावकाश बघा. सामूहिक ईमेलच्या यादीतून त्यांचा पत्ता वगळला जातो. सभासदत्व असेल तर त्याचीही स्थिती बदलते; थकबाकीदारांत त्यांची गणना होत नाही. आणि नोंद? ती पुसली जात नाही. इतक्या वर्षांच्या देणग्या त्यांच्याच नावावर राहतात. पुढच्या वर्षी मुलीने आईच्या स्मरणार्थ पैसे पाठवले, तर पावती मुलीची, पण सॉफ्ट क्रेडिट म्हणून तीच देणगी आईच्या पानावरही दिसते. गेलेल्या माणसाच्या खात्यात नवी ओळ जमा होण्याची सोय कुणीतरी विचारपूर्वक करून ठेवली आहे.

ही चौकट नसती तर काय झालं असतं, तेही मनात आणून पाहा. ‘यंदा आपली देणगी आली नाही’ असं पत्र त्या घरी पोचलं असतं. ते मुलीने वाचलं असतं.

आता मागणी झालेल्या तुमच्या रकान्याकडे या. एकेक प्रश्न घ्या, उत्तराची घाई करू नका. हा रकाना भरणार कोण? फोनवर बोलता बोलता टिपून घेणारी कार्यकर्ती, की स्वतः देणगीदार? तो रिकामा राहिला तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा, की ‘विचारलंच नाही’ असा? (प्रोग्रामर हे दोन अर्थ सहज एक करून टाकतात, माणसं करत नाहीत.) ही माहिती संस्थेतल्या कुणाकुणाला दिसेल? आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याने उद्या स्वतःचं पान पाहायला मागितलं, तर तुम्हाला ओशाळं वाटेल का? या शेवटच्या प्रश्नापाशी सर्वांत जास्त वेळ बसा.

या सॉफ्टवेअरमध्ये नाती कशी ठेवतात तेही आठवून पाहा. आई आणि मुलगी यांचं नातं एकाच ओळीत असतं, पण त्या ओळीला दोन नावं असतात: आईच्या पानावर ते एका नावाने दिसतं, मुलीच्या पानावर दुसऱ्या. तुमचा रकाना असा दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलात का? मागणी करणाऱ्याच्या बाजूने तर तो वाचलातच.

आता काळाचा विचार. सिव्हीसीआरएमची नवी आवृत्ती दर महिन्याला, पहिल्या बुधवारी निघते. तुम्ही सॉफ्टवेअरच्या गाभ्यात (कोअरमध्ये) घातलेला रकाना त्या प्रत्येक बुधवारी कुणाला तरी सांभाळावा लागेल: चाचण्या, डेटाबेसचं अपग्रेड, भाषांतरं. तुम्ही तोवर दुसऱ्या नोकरीत, कदाचित दुसऱ्या शहरात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहिणारा हौसेने येतो आणि सांभाळणारा मागे उरतो, हे फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

माझं मत विचाराल तर अशा बहुतेक मागण्या गाभ्यापर्यंत पोचूच नयेत. एका संस्थेची गरज असेल तर तिच्या प्रशासकाला एकही ओळ न लिहिता स्वतःचा कस्टम रकाना करता येतो. वागणूक बदलायची असेल तर हुक आहेत; त्यांच्या आधारे वेगळं एक्स्टेन्शन लिहा. ते चार संस्थांनी वापरलं, त्यांनी तक्रारी केल्या, तुम्ही दुरुस्त केलं, म्हणजे मग गाभ्याचं बोलू. गाभ्याच्या फायली थेट बदलून ठेवणाऱ्याला तर पुढचं अपग्रेडच धडा शिकवतं. त्याचे बदल पुसले जातात.

तरीही रकाना हवाच असं वाटतं का? असेल. ‘मृत’ची चौकटही कधीतरी कुणीतरी वाढवलेलीच आहे.

मग पुल रिक्वेस्ट आज पाठवू नका. उद्या सकाळी त्या संस्थेत फोन करा. संचालकांना नको, रोज नोंदी भरणाऱ्या कार्यकर्तीला बोलवा आणि हा रकाना ती केव्हा, कुणाला विचारून भरेल ते तिच्या तोंडून ऐका.