कळ गेली, टाका राहिला

कोल्हापूरच्या एका तालमीत सराव करताना एक तरणा पैलवान डावातून सुटायला वळला. पाय मातीत रुतलेलाच राहिला आणि गुडघा जो अडकला तो सरळ होईना. एमआरआयमध्ये निघालं, गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून तिची पट्टी सांध्यात अडकली होती.

"कापून टाका डॉक्टर. जत्रेची मैदानं तोंडावर आल्यात."

डॉक्टरांनी कागदावर चंद्रकोर काढली. "गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, आतल्या कडेला नाही. तुझी बाहेरच्या कडेला फाटलीय. टाके घातले तर जुळायची आशा आहे. पट्टी कापली तर काही आठवड्यांत मोकळा होशील. टाक्यांनंतर मात्र निदान सहा महिने कुस्ती बंद."

सोबत आलेले वस्ताद म्हणाले, "माझी तर आख्खी गादी काढली हुती. त्या साली मैदान मारलं. आता पंगतीला मांडी घालून बसता येत न्हाई."

"तेव्हा रीतच ती होती," डॉक्टर म्हणाले. "एडिंबरात थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्येच एका खाणकामगाराची गादी शिवली होती. तरी पुढं कित्येक वर्षं गाद्या काढल्याच गेल्या. गादी काढलेल्या गुडघ्यात काय बदल होतात, ते १९४८ मध्ये फेअरबँक यांनी एक्स-रेवर दाखवलं."

पैलवान टाक्यांना तयार झाला. बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून गादी शिवली.

दीड महिन्यात कुबड्या सुटल्या, दुखणंही गेलं. एका पहाटे तालमीत कुणी नाही असं बघून त्यानं लंगोट कसला आणि बैठकेला पाय रोवले.

"किती घालनार?" दारातून वस्तादांनी विचारलं.

"आता काय बी दुखत न्हाई, वस्ताद."

"आरं, टाका नुसता कडा धरून ठेवतो. सांधायचं काम रक्ताचं, आनि ते त्याच्या चालीनं हुतं. कळ गेली म्हंजे टाका भरला, असं कोन म्हनालं तुला?"

पैलवानानं लंगोट सोडला. जत्रा आल्या, गेल्या. तो कडेला बसून इतरांच्या कुस्त्या बघत राहिला. पुढच्या हंगामात डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर तो मैदानात उतरला आणि पहिलीच कुस्ती हरला. पण अंगावरची माती झटकून आपल्या पायांनी बाहेर आला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैठकांना हजर होता.

तात्पर्य : दुखणं थांबलं म्हणजे दुखापत भरली असं नव्हे. सांधलेलं जुळेपर्यंत दम धरणं हाही उपचारच.