मंदिराविषयीची आस्था व बाहेरचे अंगण

आपल्या परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत प्रार्थनामंदिराविषयी जी आस्था दिसते ती थोडीथोडकी नव्हे. शेतमजूर आपल्या मजुरीतून चार पैसे बाजूस काढितो, तेव्हा भिंतीस चुना लागतो. दारात वहाणा काढणे, आत हलक्या आवाजात बोलणे, शास्त्र भुईवर न ठेवणे, ह्या रीती आपण आपल्या वाडवडिलांपासून घेतल्या. आणि जळत्या झुडपापाशी मोशेला जी आज्ञा झाली तिच्याशी त्या जुळतात. त्या टाकू नयेत. भर प्रार्थनेत मोबाईल खणखणतो त्याविषयी मी येथे लिहीत नाही. तो लेख निराळा होईल.

परंतु प्रभूची आस्था कशासाठी पेटली, हे पाहिले पाहिजे. योहान सांगतो की त्याने दोऱ्यांचा कोरडा करून गुरेमेंढरे बाहेर घातली व सराफांचे चौरंग पालथे केले. तो बाजार धर्माच्याच सोयीचा होता. यज्ञास पशू हवा व मंदिरपट्टीस ठरावीक नाणे हवे. तो भरे तो बाहेरच्या अंगणात, जेथवरच परराष्ट्रीयांस येण्याची मोकळीक होती. त्यापुढे कठडा होता. त्या कठड्यावरील एक शिला १८७१ साली यरुशलेमात सापडली. तिजवर ग्रीक भाषेत ताकीद कोरलेली आहे की परका मनुष्य पुढे आला तर त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी. म्हणजे परक्यास प्रार्थनेला उरले ते एक अंगण, आणि तेही बैलांनी व्यापले. मार्क लिहितो की प्रभूने त्या वेळी यशयाचे वचन काढिले, ज्यात ते घर सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनेसाठी आहे असे म्हटले आहे.

आपल्या शेजारच्या जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव आहे. ते एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी वसविले. ते जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांस गावकुसाबाहेर राहावे लागे अशा लोकांसाठी त्यांनी ही वस्ती उभारिली. बेथेल म्हणजे देवाचे घर. हे नाव त्यांनी केवळ एका इमारतीस दिले नाही, घरादारांसकट साऱ्या गावास दिले.

आता माझी गोष्ट सांगतो. मी पूर्वी ज्या मंडळीचा पाळक होतो तिने मोठ्या कष्टाने मंदिरात फरशी बसविली. पावसाळ्याचे दिवस होते. एका रविवारी एक बाई खुरपण टाकून शेतातून तशीच आली. कडेवर मूल, पाय काळ्या चिखलाने माखलेले. ती आपल्या मंडळीतली नव्हे. शेजारणीच्या सांगण्यावरून आली होती. मंडळीच्या एका वडिलांनी तिला दारातच बसण्याची खूण केली. ते गृहस्थ कठोर नव्हते. त्या फरशीसाठी त्यांनी दारची शेळी विकली होती. जो घरासाठी अधिक देतो तोच पुष्कळदा दाराशी पहाऱ्यास बसतो, आणि आपण देवाचे राखतो की आपले, हे त्याचे त्यालाही उमगत नाही. मी हे सर्व समोरून पाहिले, व पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

ती वहाणांजवळ बसून राहिली. पुढच्या रविवारी आली नाही. मी तिच्या घरी गेलो तेव्हा पाऊस पडतच होता, व माझे पाय तिच्या पायांइतकेच माखले होते. तिने आधी तांब्याभर पाणी पुढे केले, मग सारवलेल्या भुईवर पोते अंथरून म्हणाली, “बसा, पाळकसाहेब.”

मी हे त्या वडिलांस जाऊन सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतः मंदिराच्या दाराशी पाण्याचा रांजण आणून ठेविला. ती बाई मात्र दिवाळीनंतर ऊसतोडीस गेली, आणि पुन्हा आमच्या दृष्टीस पडली नाही.