तिसऱ्या फेरीतलं वैराग्य

पहाटे नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तलावाभोवती पळणाऱ्या पोरांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे असतं. पहिल्या मिनिटाला सुसाट, पाचव्या मिनिटाला हात कमरेवर. गीतेतला फलत्याग अशा वेळी खरंच उपयोगी पडतो का?

पडतो, पण अर्थ नीट लावला तर.

१५०० मीटर म्हणजे ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. सुरुवातीला अंगात बळ असतं, शेवटी समोर रेषा दिसते. तिसऱ्या फेरीत दोन्ही नसतं. पोटऱ्या जड, श्वास तोकडा. तिथं पदकाचा विचार करणारा उतावीळ होतो किंवा खचतो. ठरल्या वेगात पुढचं पाऊल टाकणारा टिकतो. ४०० मीटरचे तुकडे थोडी विश्रांती घेत पुन्हा पुन्हा पळायचे, तो सराव याचसाठी. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिरेक टाळणारा जो योग सांगितला आहे, त्याचीच ही तालीम.

मग ईर्षेला जागाच नाही? बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पळाला. सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं, पण राष्ट्रीय विक्रम झाला. जिंकायची आस नसती तर शेवटच्या फेरीतला तो जोर कुठून आला असता? फलत्यागात ही आस मारायची नसते. तिची वेळ येईपर्यंत ती मुठीत धरायची असते.

आणि ती आस एका शर्यतीनं संपत नाही: जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये साबळेनं तोच राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणला.