‘प’ उमटेपर्यंत

मराठी शाळेत वर्णमाला शिकवताना गुरुजी नकळत तोंडाचा नकाशाच मुलांच्या हाती देतात. क कंठातला, च टाळूचा, ट मूर्धेचा, त दातांचा आणि प ओठांचा. आपण तो नकाशा घोकतो आणि विसरून जातो, कारण आपलं तोंड त्या वाटा आपोआप चालतं. ‘प’ म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात, आत हवा कोंडावी लागते आणि टाळूमागचा मऊ पडदा वर उचलून नाकाची वाट बंद करावी लागते. ‘म’ला ओठ मिटले की पुरतं, पडदा उचलावा लागत नाही, तो नाकातूनच येतो. ज्या मुलाची टाळू जन्मतः दुभंगलेली आहे, त्याचा ‘बाबा’ म्हणूनच अनेकदा ‘मामा’ होतो. असं मूल गोव्यातल्या पेडण्यात जन्मलं, तर आपल्या तालुक्याचं नाव सांगतानाच पहिलं अक्षर नाकाकडे निसटतं. डिचोलीच्या मुलाचीही सुटका नाही. ड आणि च ही दोन्ही हवा कोंडूनच उच्चारायची व्यंजनं.

गोव्यातल्या वाचकाला हे घुमट या वाद्यावरून चटकन कळेल. वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसरा हात मडक्याच्या उघड्या तोंडावर ठेवून नाद राखतो, सोडतो. टाळूचा पडदा म्हणजे तो दुसरा हात. तो जागेवर नसेल तर थाप पडते, पण बोल उमटत नाही.

दुभंगलेला ओठ सगळ्यांना दिसतो. दुभंगलेली टाळू दिसत नाही, ती ऐकू येते, आणि तीही मूल बोलायला लागल्यावर. दयेचं लक्ष दिसणाऱ्या गोष्टीकडे आधी जातं. या मुलांसाठी चालणाऱ्या धर्मादाय उपचारांचं मोठेपण आणि त्यांची मर्यादा, दोन्ही इथेच आहेत असं मला वाटतं.

आईच्या पोटात बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधे सांधला जातो. ओठांचा सांधा चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळूचा त्यानंतर, बाराव्या आठवड्याच्या आत. म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्री होते न होते, तोवर ओठांचं काम उरकलेलंही असतं. एखाद्या बाळात हा सांधा का राहून जातो, याचं एकच एक उत्तर नाही. आनुवंशिकता असते, फिट्सवरची काही औषधं असतात, धूम्रपान असतं, आणि बऱ्याचदा बोट ठेवावं असं काहीच सापडत नाही. आपल्याकडे मात्र उत्तर तयार असतं: ग्रहणात हिने विळीवर भाजी चिरली असेल. ग्रहण काही तासांत सुटतं; त्या बाईवरचा आरोप सुटत नाही. बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून कुणीतरी जाणत्या माणसाने ‘यात तुझी काही चूक नाही’ एवढं सांगणं, हा या उपचारातला पहिला डोस आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरा डोस दुधाचा. टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ अंगावर पिऊ शकत नाही, दूध नाकातून परत येतं. घरचे घाबरतात, पाजणं कमी होतं, वजन घटतं. अशा बाळाला बसतं धरून बोंडल्याने किंवा चमच्याने थोडं थोडं पाजायचं असतं. आपल्या आज्यांच्या हातात असलेली ही कला पहिल्या दोन दिवसांत आईला शिकवली, तर बाळ शस्त्रक्रियेपर्यंत नीट पोचतं. तीन महिने वय, साडेचार किलोच्या आसपास वजन, रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन, एवढं जमलं की ओठ शिवता येतो.

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्या मातीला परकी नाही. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. पत्रात त्या कारागिराची जात विटा करणाऱ्यांची सांगितली आहे, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार. त्याचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि ‘भारतीय पद्धत’ जगाच्या पुस्तकांत गेली. डिचोलीची कुंभारकी जुनी आणि नावाजलेली. मातीला आकार देणाऱ्या हातांनी माणसाच्या चेहऱ्यालाही आकार दिला होता, हे तिथल्या मुलांना शाळेत सांगायला हवं.

आपल्या काळात या विद्येला धर्मादाय रूप देणाऱ्यांत पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अग्रभागी होते. अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झालेल्या या माणसाने १९६८ पासून भारतात येऊन मोफत शस्त्रक्रियांची शिबिरं घेतली. मोटार अपघाताने शरीर अधू झालं, स्वरयंत्राचा कर्करोग झाला, आवाज गेला. गळ्याशी यंत्र धरून ते बोलत आणि महाराष्ट्रभर मुलांचे ओठ शिवत फिरत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. स्वतःचा आवाज गमावलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांच्या ओठांसाठी हजारो मैल येत राहिला, याच्यापुढे नुसते हात जोडावेत.

म्हणून शिबिरांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत ‘ऑपरेशन स्माइल’ ही संस्था सुरू झाली. डॉक्टरांचं पथक दूरदेशी जाई, काही दिवसांत शेकडो मुलांवर शस्त्रक्रिया करी. १९९९ मध्ये आलेल्या ‘स्माइल ट्रेन’ने वेगळी वाट धरली: पथक पाठवण्याऐवजी तिथल्याच सर्जनला प्रशिक्षण आणि पैसा द्यायचा, म्हणजे काम बारमाही चालेल. मिर्झापूरच्या पिंकी सोनकरवरच्या ज्या लघुपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यात वाराणसीच्या डॉक्टरांइतकाच मला लक्षात राहिला तो गावोगाव फिरून अशी मुलं शोधणारा कार्यकर्ता. २०११ मध्ये गुवाहाटीत आसाम सरकार, ‘ऑपरेशन स्माइल’ आणि टाटांचे न्यास यांनी मिळून कायमचं केंद्र उभारलं. पथकांचा मार्ग काढणाऱ्या संस्थेलाच शेवटी एका जागी ठाण मांडून बसावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

कारण ओठ तासाभरात शिवून होतो. चेहरा वाढायला अठरा वर्षं घेतो. नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान टाळूची शस्त्रक्रिया. टाळूचे स्नायू कानाच्या नळीशीही बांधलेले असतात, म्हणून कानात पाणी साचतं, ऐकू कमी येतं. तेही तपासत राहायचं. मग वाचोपचार. सातव्या ते अकराव्या वर्षी हिरडीत हाड भरायचं, त्यानंतर दातांना तारा, आणि वाढ संपल्यावर, लागलंच तर, जबड्याची नि नाकाची दुरुस्ती. शिबिराचं छायाचित्र टाके निघाल्यावर काढलं जातं. आईची खरी पायपीट त्यानंतर सुरू होते.

आता गोव्याचा हिशेब मांडू. साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ अशा ओठाचं किंवा टाळूचं असतं. देशात ही संख्या वर्षाला तीस हजारांच्या वर जाते. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांची वस्ती २०११ च्या जनगणनेत मिळून पावणेदोन लाखांच्या आत होती. म्हणजे दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला अशी बाळं तीन, फार तर चार. अठरा वर्षांखालची सगळी मोजली तरी साठ-सत्तर. त्यातच गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात; मिर्झापूरसारखं वस्त्यावस्त्यांतून मुलं शोधत फिरावं लागत नाही. मूल पहिल्याच दिवशी डॉक्टरच्या समोर असतं.

पैशाचीही सोय बऱ्यापैकी आहे. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू नाव घेऊन समाविष्ट आहेत, आणि त्याची वयोमर्यादाही नेमकी अठरा वर्षांची आहे. साठ-सत्तर मुलांसाठी शिबिर कशाला हवं? हवी ती या मुलांची नोंद ठेवणारी एक वही, आणि ती सांभाळणारं एक माणूस.

धर्मादायाने गोव्यात आपली जागा इथे शोधावी. सर्जनची फी भरायला सरकार आहे. पण पेडण्याहून बांबोळी पस्तीस-चाळीस किलोमीटर. तेरेखोलच्या आईला तर आधी केरीला येणारी फेरीबोट धरावी लागते. वाचोपचारासाठी एकदा जाऊन भागत नाही, महिनोन्‌महिने जावं लागतं. प्रत्येक खेपेला रोजगार बुडतो. काजूच्या हंगामात तर तो बुडवणं परवडत नाही. डिचोलीत खाणी बंद पडल्यावर ज्या घरांतला ट्रक दारात उभा राहिला, त्या घरांना हे वेगळं सांगायला नको. मूल औषधाअभावी मागे राहत नाही, ते पाचव्या-सहाव्या खेपेला मागे राहतं. त्या खेपेचं तिकीट, बुडालेली मजुरी, मागे राहिलेल्या धाकट्याला सांभाळणारी शेजारीण, याला कुठल्याच योजनेत रकाना नाही. मंदिर समित्या, महिला मंडळं, गावचे क्लब यांना पेलेल असं हे दान आहे.

वाचोपचाराची गाठ तर भाषेशी आहे. पेडण्याचं मूल घरी मालवणीकडे झुकलेली कोकणी बोलतं, शाळेत मराठी वाचतं. त्याला इंग्रजी शब्दांच्या तक्त्यावरून ‘प’ शिकवणं व्यर्थ. थेरपिस्टने महिन्यातून एकदा तुये किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रात बसावं. मधल्या दिवसांत अंगणवाडीची बाई आणि आई रोज दहा मिनिटं ‘पाणी, पोळी, पाऊस’ म्हणून घेतील. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या मांडव्याला असं काम घडलेलं आहे. मुंबईचे नामांकित प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी तिथे गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं होतं. शस्त्रक्रियेत पारंगत माणसालाच शस्त्रक्रियेपलीकडचं गाव दिसलं.

वहीला राज्याची सीमाही असू नये. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, सावंतवाडीचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला येत आले. २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. गोव्याच्या करदात्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडचा ओठ आणि पलीकडचा ओठ सारखाच शिवावा लागतो. दोन्ही सरकारांनी आपसांत पैसे चुकते करावेत, आईला खिडकीवर उभं करू नये.

आणि छायाचित्रांबद्दल एक विनंती. देणग्या मिळवण्यासाठी शस्त्रक्रियेआधीचा चेहरा भिंतीवर लावला जातो. ते मूल मोठं होतं, त्याच गावात राहतं, त्याच बसने कॉलेजला जातं. छोट्या तालुक्यात चेहरा लपत नाही. ज्याला अजून हो-नाही म्हणता येत नाही, त्याचा चेहरा आपण उसना घेऊ नये. डॉक्टरांच्या नोंदीत तो असू दे, फलकावर नको.

त्या वहीत प्रत्येक मुलाची एक ओळ असेल. ओठ शिवला, एक खूण. टाळू शिवली, दुसरी. कान तपासले, हाड भरलं, तारा निघाल्या. एखाद्या तारखेला मूल आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घराची पायरी चढेल आणि विचारील, काल का आला नाहीत? ती ओळ पुरी झाली असं मी तेव्हाच मानीन, जेव्हा ते मूल एकटं कदंब बसमध्ये चढेल, कंडक्टरला म्हणेल, “एक पेडणे,” आणि कंडक्टर पुन्हा न विचारता तिकीट फाडेल.