करारात न लिहिलेले



मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २०) द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. पहाटे आलेल्या मजुरांशी धन्याने दिवसाची मजुरी ठरवली. त्यांच्यानंतर आलेल्यांना मात्र, जे योग्य असेल ते देईन, एवढेच सांगितले. पहिल्यांच्या हाती आकडा होता, दुसऱ्यांच्या हाती धन्याचा शब्द. आपलेही व्यवहार असे दोन प्रकारचे असतात.

सिमेंटची गोणी घेतली, पैसे चुकते केले, की व्यवहार संपतो. पण घर बांधायला दिले, किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेसाठी बाई ठेवली, तर गोष्ट वेगळी. पाया खणताना खडक लागेल का, आईचे दुखणे किती वाढेल, हे आधी कोण लिहून ठेवणार? मग न लिहिलेली अडचण उभी राहिली की तिचा भार कोणी उचलायचा? बहुतेक वेळा आपण कागद पुढे करतो आणि भार दुबळ्याच्या अंगावर ढकलतो.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. १९९४ मध्ये तेथे रेल्वेचे भुयार खणताना कोसळले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पुढे पाचवे टर्मिनल बांधताना मालक कंपनीने वेगळ्या प्रकारचा करार केला. जोखीम मालकाने घ्यायची, बांधणाऱ्यांना झालेला खर्च व ठरलेला नफा द्यायचा आणि अडचण आली तर दोष कोणाचा यावर भांडत न बसता सर्वांनी मिळून ती सोडवायची. चूक लपवण्यात कोणाचा फायदा उरला नाही. ४.३ अब्ज पौंडांचे हे बांधकाम वेळेत पुरे झाले.

मात्र २७ मार्च २००८ रोजी टर्मिनल सुरू झाले आणि सामानाची व्यवस्था कोलमडली. अनेक उड्डाणे रद्द झाली. ब्रिटिश संसदेच्या समितीने नंतर बोट ठेवले ते मालक कंपनी आणि विमान कंपनी यांच्यातील अपुऱ्या संवादावर. बांधणाऱ्यांशी जपलेले नाते वापरणाऱ्यांशी जपायचे राहून गेले होते. सही एकदाच होते, नाते रोज जपावे लागते.

मग कागद नकोच का? तसे नाही. ‘तू घरचीच आहेस’ असे म्हणत कामवाल्या बाईची सुट्टी बुडवणारी घरे आपण पाहिली आहेत. कदाचित त्यातले एक घर आपलेच असेल. नात्याच्या नावाखाली हक्क बुडवणे हाही अन्यायच. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले आहे की, मजुराने गरजेपोटी अपुरी मजुरी मान्य केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. म्हणून मजुरी, वेळ, सुट्टी हे लिहूनच ठेवावे. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी : अनपेक्षित काही आले तर दोघांनी बसून बोलावे, आणि ज्याचे बळ अधिक त्याने भार अधिक घ्यावा.

देवानेही करार केला. पण सिनाय पर्वतावर आज्ञा दिल्या त्या इस्राएलला गुलामीतून सोडवल्यानंतर. आधी नाते, मग नियम. लोकांनी करार मोडला, तरी देवाने त्यांना सोडले नाही. दर रविवारी मिस्साबलिदानात आपण ख्रिस्ताच्या रक्तातील नव्या करारात सहभागी होतो. वेदीवर देवाकडून दया घ्यायची आणि घरी जाऊन कागदावर बोट ठेवायचे, हे कसे जमेल?

या आठवड्यात आपल्याकडे काम करणाऱ्या एखाद्याला विचारू या : ठरल्यापेक्षा अधिक काही तुमच्या अंगावर पडले आहे का? आणि उत्तर शांतपणे ऐकून घेऊ या.