पद आधीं कीं सत्य आधीं?

मोठ्या पदाच्या मुलाखतीस जाणाऱ्या मनुष्यानें तयारी करून जावें, यांत कोणास वावगें वाटण्याचें कारण नाहीं. वकील खटल्याचे कागद पाहिल्यावांचून न्यायासनापुढें उभा राहत नाहीं, आणि कीर्तनकारहि आख्यानाची जुळणी केल्याशिवाय गादीवर येत नाहीं. परंतु रुग्णालयाच्या मुख्याधिकाऱ्याचें पद असें आहे कीं, तेथें या तयारीच्या पोटीं एक नैतिक प्रश्न दडलेला असतो. समितीला काय रुचेल हें ताडून बोलावें, कीं रुग्णांना काय हवें हें जाणून बोलावें?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. इंग्लंडांतील स्टॅफर्ड येथील सरकारी रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत रुग्णांची जी हेळसांड झाली, तिची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनीं केली, व अंतिम अहवाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. व्यवस्थापक मंडळ खर्च कमी करण्यांत, उद्दिष्टें गांठण्यांत आणि संस्थेला वरचा दर्जा मिळवून देण्यांत गढलें होतें. कित्येक रुग्णांना मात्र पाणीहि वेळेवर मिळत नव्हतें. 'फाउंडेशन ट्रस्ट' हा दर्जा संस्थेला २००८ सालीं मिळालाहि! म्हणजे संस्थेनेंहि एक मुलाखतच दिली, आणि तींत ती उत्तीर्ण झाली. पुढें २०१४ सालीं अशा संस्थांचे संचालक सच्छील असलेच पाहिजेत असा नियम तेथें झाला. नियमानें शील मागतां येतें; पण तासाभराच्या प्रश्नोत्तरांत तें ओळखतां येतें काय? १९९५ सालीं लॉर्ड नोलन यांच्या समितीनें सार्वजनिक पदांसाठीं सांगितलेलीं सात तत्त्वें कोणासहि पाठ म्हणतां येतात, आणि त्यांत प्रामाणिकपणाहि आहे.

तेथें मंडळाच्या सभांचे कागद व तपासणीचे अहवाल कोणासहि वाचावयास मिळतात. समजा, उमेदवारानें ते वाचले आणि परिचारिकांची संख्या अपुरी असल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. हें मुलाखतींत बोलावें काय? व्यवहारी शहाणपण सांगतें, आधीं पद पदरांत पडूं द्यावें, सुधारणा मागाहून करतां येईल. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. बाहेर राहून रुग्णालय सुधारतां येत नाहीं. पण त्यांत एक गोम आहे. समितीनें निवडला तो गप्प राहणारा मनुष्य. मागाहून बोलूं लागणारा मनुष्य तिनें निवडलेलाच नसतो. शिवाय मिळालेलें पद टिकवावयाचेंहि असतें, आणि मौनाला उद्यांहि आजच्याइतकेंच सबळ कारण सांपडतें.

१८५३ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनमध्यें आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची अधीक्षिका झाली. समितीच्या मनांत कॅथलिक रुग्णांना प्रवेश द्यावयाचा नव्हता. सर्व धर्मांच्या रुग्णांना दार उघडें नसेल तर आपण चाललों, असें तिनें स्पष्ट सांगितलें, आणि समितीला तें मानावें लागलें. मात्र हें सांगतांना दुसरी बाजू झांकूं नये. तिला वडिलांकडून वर्षाला ५०० पौंड मिळत होते. त्या पदावर तिची चूल अवलंबून नव्हती.

तर मग ज्याच्या वेतनावर मुलांचीं शिक्षणें आणि वृद्ध आईबापांचें औषधपाणी चालावयाचें, त्यानें काय करावें? आरोप करण्याचें बळ त्याच्या अंगीं नसेल; प्रश्न विचारण्याचें असावयास हरकत नाहीं. 'रात्रपाळीस एका वार्डांत किती परिचारिका असतात, आणि ती संख्या पुरत नाहीं असें सांगणाऱ्याचें येथें काय होतें?' अशा प्रश्नानें कोणाचा अपमान होत नाहीं, आणि असत्याचाहि आश्रय घ्यावा लागत नाहीं. त्यापायीं पद हातचें जाईल, असेंहि घडेल. ती हानि खरीच आहे. तिला त्यागाचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें असा एक प्रश्न सोसवत नाहीं, तेथें रोजची वाईट बातमी वरपर्यंत पोंचूं देणारा अधिकारी कसा नांदेल?

वधूपरीक्षेंत मुलीनें उत्तर काय दिलें तें पाहणारीं माणसें पुष्कळ असतात. तिनें काय विचारलें हें ऐकणारीं थोडीं. निवडसमितीनें या थोड्यांत बसावें. कारण त्या खोलींत सारें ज्याच्यासाठीं चाललेलें असतें तो रुग्ण हजर नसतो, आणि त्याचा प्रश्न कोणीतरी विचारावाच लागतो.