गोळी, देह आणि संमती

येडगावच्या धरणाकाठी राबणाऱ्या एखाद्या गृहिणीच्या हाती ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळ्यांचे सरकारी पाकीट विनामूल्य पडते, तेव्हा मळमळ, डोकेदुखी, अवेळी रक्तस्राव आणि क्वचितच, परंतु प्राणावर बेतणारी, रक्ताची गुठळी यांची कल्पना तिला कोणी दिली काय, हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच धर्माचा वाटतो. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास गांधीजींनी संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगरबाईंना संयमाचा मार्ग सांगितला. मुंबईत १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालविणाऱ्या र. धों. कर्व्यांचा पक्ष मात्र मला अधिक न्याय्य वाटतो, कारण पतीने न पाळलेल्या संयमाचे ओझे अखेर स्त्रीच्याच उदरी येते, आणि गुठळीचा धोका तर गर्भारपणात व बाळंतपणानंतर गोळीहूनही अधिक असतो. तथापि रक्तदाब न मोजता, पूर्वीच्या आजारांची चौकशी न करता, केवळ दप्तरी नोंद करून मिळविलेल्या होकाराला मी संमती म्हणणार नाही.